पाटी कोणी काढली

धुलाईघराच्या खिडकीतून वाफ बाहेर येत होती. फाटकातून ती दिसली आणि फोरमन जागच्या जागी थबकला. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत त्याच बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह होता. व्हॉल्व्ह पिशवीत आणि बॉयलर पेटलेला, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं म्हणजे काय, हे त्या घरातल्या सात माणसांपैकी फक्त एकाला कळत होतं, आणि तो एक या घटकेला फाटकात उभा होता.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी फोरमन धावत सुटला.

आत ड्रायव्हर स्टुलावर बसून दाबमापकाच्या काट्याकडे टक लावून बघत होता. शेजारच्या हौदात चादरी उकळत होत्या आणि नर्सबाई लाकडी दांड्याने त्या खालीवर करत होत्या. फोरमनने आधी गॅसचा कॉक बंद केला, मग हाताने वाफ सोडली, मग काटा शून्यावर येईपर्यंत वाट पाहिली आणि त्यानंतरच तोंड उघडलं. कामाचा क्रम चुकवणं त्याच्या स्वभावात नव्हतं, संतापातसुद्धा.

"पाटी कोणी काढली?"

"मी काढली," ड्रायव्हर उठून उभा राहिला.

"वाचता येतं ना तुला?"

"येतं की. 'दुरुस्ती सुरू आहे, चालू करू नये.' खाली तुमची सही."

"मग?"

"मग काय, फोरमनसाहेब! तिकडे आश्रमात अकरा जणांना जुलाब. काल रात्रीपासून चादर नाही एकाच्याही अंगाखाली. रबरावर झोपलेत. तुम्हाला तीनदा फोन केला, लागला नाही."

"फोन लागला नाही म्हणून बॉम्ब पेटवायचा?"

"बारीक आचेवर ठेवलाय. तीन तास इथून हललो नाही. काटा दोनच्या वर जाऊ दिला नाही."

"काटा अडकतो! सेफ्टी व्हॉल्व्ह कशाला असतो ठाऊक आहे? काटा खोटं बोलतो त्या दिवसासाठी असतो. त्याच्या जागी मी बूच मारून गेलोय. वाफेला जायला वाट नव्हती, कळतंय का? तू, ह्या बाई, ही भिंत, भिंतीपलीकडचं स्वयंपाकघर, काही उरलं नसतं. दारू सुटली म्हणजे अक्कल येते असं कोणी सांगितलं तुला?"

नर्सबाईंच्या हातातला दांडा थांबला. ड्रायव्हरची दारू सुटून सहा वर्षं झाली होती आणि त्या घरात तो विषय कोणी शत्रुत्वानेही काढत नसे.

"चुकलं माझं," ड्रायव्हर म्हणाला. "पाटी काढायला नको होती."

"चुकलं म्हणे! चूक बटण लावताना होते. हा खुनाचा प्रयत्न आहे."

ते घर म्हणजे एका जुन्या दुमजली छापखान्याची इमारत होती. सात माणसं तिथे एकत्र राहत, एका टेबलावर जेवत, सकाळी आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना करत, आणि दिवसभर चादरी धूत. गावाच्या दुसऱ्या टोकाला मरणाच्या दारातल्या माणसांसाठी एक आश्रम होता. ज्यांना घर नाही किंवा घर असून कोणी नाही, अशी माणसं तिथे शेवटचे दिवस काढत. त्यांच्या चादरी कुठलीही लॉन्ड्री घेत नसे. या घराने त्या घेतल्या होत्या. घर ख्रिस्ताच्या नावाने चालत होतं, पण दारावर तशी पाटी नव्हती. मोठ्या ताई म्हणत, "चादर पांढरी निघाली की पुरे. नाव कशाला हवंय?" मोठ्या ताई म्हणजे घराच्या प्रमुख, वय पंच्याहत्तर, आवाज बारीक, गुडघे दोन्ही गेलेले आणि शब्द मात्र कधी वाकलेला नाही.

फोरमन या घरात आला तो भांडायला. त्याची बायको पंधरा वर्षं दर गुरुवारी इथे येऊन चादरी धूत असे. ती गेली. दिवसकार्य आटोपल्यावर तो जाब विचारायला आला होता: माझ्या बायकोचे हात पंधरा वर्षं सोड्यात कुजवलेत, कशासाठी? ताईंनी त्याला धुलाईघर दाखवलं. तिथला बॉयलर पाहून त्याचं डोकं असं भडकलं की जाब विचारायचा राहून गेला. पाइपांना चिंध्या गुंडाळलेल्या, दाबमापकाची काच फुटलेली, नोंदवही नाही. तो दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन आला, तिसऱ्या दिवशी आला, आणि महिन्याभराने रिकाम्या घरी परत जायचा कंटाळा येऊन वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहिला. "मी बॉयलरसाठी राहतोय, देवासाठी नाही," त्याने स्पष्ट सांगितलं होतं. प्रार्थनेच्या वेळी तो मागच्या भिंतीला पाठ टेकून, हाताची घडी घालून उभा राही, आणि कोणी चुकीच्या सुरात गायलं की कपाळाला आठ्या घाली.

घरात नव्याने आलेल्या माणसाला वर्षभर राहू देत. वर्ष भरलं की एका रविवारी तो सगळ्यांसमोर शब्द देई, की मी आता इथलाच. फोरमनचं वर्ष येत्या रविवारी भरत होतं. गेले काही आठवडे तो शब्द द्यायचा विचार करत होता, आणि तसा विचार करतो आहे याचा त्याला जरा रागच येत होता.

आता त्याने मोठ्या ताईंना दारातच गाठलं.

"त्याला काढा. नाहीतर रविवारी मी शब्द देणार नाही. सामान बांधून जातो."

"संध्याकाळी टेबलापाशी बोला," ताई म्हणाल्या.

टेबलाचा एक रिवाज होता. जेवणाआधी सगळे आपापल्या खुर्चीमागे उभे राहत आणि ताई विचारत, "कोणाच्या मनात कोणाबद्दल काही आहे?" वेदीपाशी दान आणलं असेल तर ते तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असं ख्रिस्ताने सांगितलं, त्यावरून घरातल्या पहिल्या माणसांनी हा रिवाज घातला होता. बहुतेक दिवशी कोणीतरी म्हणे, "माझा टॉवेल आचाऱ्याने वापरला," आचारी म्हणे, "टॉवेलनेच मला बोलावलं," आणि हसत सगळे बसत. पण एखाद्याच्या मनात खरंच काही असेल आणि ते मिटलं नाही, तर कोणीच बसायचं नाही. अर्धा तास उभं राहायचं. तरी मिटलं नाही तर उभ्यानेच जेवायचं.

"माझ्या मनात आहे," फोरमन म्हणाला. "ह्याच्याबद्दल."

"मी माफी मागितलीय," ड्रायव्हर म्हणाला. "परत मागतो."

"मला माफी नको. हा जायला हवा."

अर्धा तास झाला. सूपवरची साय घट्ट झाली. सातही जण उभ्याने जेवले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आचाऱ्याने खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या. "झाडायला तरी सोपं," तो म्हणाला. "फोरमन, तुमच्यामुळे माझं पोट कमी झालं बघा. उभ्याने भूकच लागत नाही." कोणी हसलं नाही. ताईंचे गुडघे सुजले होते. टेबलाची कड धरून त्या उभ्या राहत आणि फोरमनकडे एकदाही आर्जवाने बघत नसत. त्यांनी एकदा जरी तसं बघितलं असतं तरी फोरमनला बरं वाटलं असतं. ओरडायला निमित्त मिळालं असतं.

ड्रायव्हर त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता, तरी फोरमनच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. गाडी फाटकात नीट लागली नाही म्हणून, साबणाचा डबा उघडा राहिला म्हणून, आणि शेवटी ड्रायव्हर शीळ वाजवतो म्हणून. "खुनी माणसाला शीळ सुचते कशी?" नर्सबाईंनी एकदाच तोंड उघडलं. "चादरी मी मागितल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मलाही काढा मग." फोरमन बॉयलरकडे वळला.

चौथ्या दिवशी दुपारी तो दुरुस्त करून बसवलेला व्हॉल्व्ह तपासत असताना मोठ्या ताई काठी टेकत धुलाईघरात आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"तुमचं म्हणणं काय आहे, ते मला नीट समजावा. दुसऱ्याने लावलेली पाटी जो काढेल, त्याला या घरात जागा नसावी. असंच ना?"

"अगदी असंच. आमच्या धंद्यात पाटी म्हणजे माणसाचा जीव असतो, ताई. ज्याने लावली त्यानेच काढायची. मॅनेजर आला तरी हात लावायचा नाही. मालक आला तरी नाही."

"मग तसा नियम लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे. खाली सही करा. रविवारी सगळ्यांसमोर ठेवू; पटला तर ड्रायव्हरला मीच सांगते जायला."

"आत्ता देतो."

ताई गेल्या. फोरमनने नोंदवहीतला एक कोरा कागद काढला, पट्टीने समास आखला आणि तंत्रनिकेतनात शिकवलेल्या सरळ, सुट्या अक्षरांत लिहिलं: "नियम. दुरुस्तीच्या कामावर दुसऱ्या व्यक्तीने लावलेली सूचनापाटी जी व्यक्ती काढील, ती व्यक्ती, कारण काहीही असो, या घरात राहण्यास अपात्र ठरेल." वाक्य त्याला आवडलं. "कारण काहीही असो" हे त्याने विशेष विचार करून घातलं होतं. मग सहीसाठी पेन टेकवलं आणि पेन पुढे जाईना.

बावीस वर्षांपूर्वी, तो फोरमन होता त्या कागद गिरणीत, दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला, वाळवणीच्या मशिनमध्ये शिरून एक वेल्डर आतला ब्रॅकेट जोडत होता. वाफेच्या व्हॉल्व्हवर त्याने स्वतःच्या हाताने लाल पाटी लावली होती. वर मॅनेजर घड्याळाकडे बघत होता. फोरमनला उपाहारगृहाच्या दारात वेल्डरसारखी पाठ दिसली. वाटलं, जेवायला गेला आणि पाटी काढायची विसरला. त्याने पाटी काढली, खिशात घातली आणि व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला. आतून जो आवाज आला तो माणसाचा आहे हे समजायला त्याला दोन सेकंद लागले होते. ते दोन सेकंद अजून संपले नव्हते.

चौकशी समितीने विचारलं, पाटी होती का? फोरमन म्हणाला, मला दिसली नाही. पाटी तोवर त्याने भट्टीत टाकून जाळली होती. अहवालात आलं: "पाटी लावलेली आढळली नाही." वेल्डरचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजले, बोटं आखडली, आणि निष्काळजीपणाच्या शेऱ्यासह त्याची नोकरी गेली.

हे फोरमनने एकाच माणसाला सांगितलं होतं. बायको म्हणाली, "जाऊन सांगा त्याला." तो गेला नाही. तिने सहा वर्षं सांगून पाहिलं आणि मग एका गुरुवारी चप्पल घालून ती निघाली. "तुम्ही जात नाही ना, मग मी कुठेतरी जाते," एवढंच म्हणाली, आणि या घरात येऊन परक्यांच्या चादरी धुऊ लागली. पंधरा वर्षं. आणि तो जाब विचारायला आला होता या घराला!

त्याने कागद फाडला. चार तुकडे केले, मग आठ. मग शेजारचा पाना उचलून हौदाच्या लोखंडी पाठीवर असा आदळला की आचारी स्वयंपाकघरातून ओरडला, "अहो, घर पाडताय का?"

संध्याकाळी सगळे उभे राहिले. ताईंनी विचारलं. फोरमन एकदम म्हणाला, "नियम लिहिला नाही. लिहिता येत नाही. तो मलाच लागू पडतो."

आणि त्याने सांगितलं. पश्चात्तापाने नव्हे, कोणाशी तरी भांडत असल्यासारखा, टेबलावर मूठ आपटत सांगितलं. मॅनेजरला शिव्या दिल्या, समितीला दिल्या, उपाहारगृहाच्या दारात पाठ करून उभ्या राहिलेल्या त्या अनोळखी माणसाला दिल्या. शिव्या संपल्या तेव्हा द्यायला कोणी उरलं नाही. "पाटी होती," तो म्हणाला. "माझ्या खिशात होती."

ड्रायव्हरचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे चार दिवस तुम्ही मला खुनी म्हणत होता."

"हो."

"गाडी धुताना म्हणालात. प्रार्थनेतून बाहेर पडताना म्हणालात. ताईंचे गुडघे बघा! माझ्यामुळे सुजले म्हणून मी रात्र रात्र झोपलो नाही. बाटली कुठे मिळते याचा रस्ता आठवत पडून होतो. सहा वर्षांनी! आणि तुम्ही स्वतः... मी पाटी काढली ती उघड काढली. विचारल्याबरोबर कबूल केलं. तुम्ही जाळलीत!"

"जाळली."

"आता माझ्या मनात आहे, ताई," ड्रायव्हर म्हणाला. "फोरमनबद्दल. चांगलं टोपलीभर आहे."

"झालं!" आचारी पुटपुटला. "आजही उभ्यानेच."

"काय हवंय तुला?" फोरमनने विचारलं. "मी जाऊ? सामान बांधायला दहा मिनिटं लागतील."

"पळायला बरं जमतं तुम्हाला! जाऊ कसे देईन? तो वेल्डर जिवंत आहे का?"

"आहे. पत्ता ठाऊक आहे मला. कायमच ठाऊक होता."

"उद्या सकाळी आठला गाडी काढतो. त्याला सांगायचं. माझ्याकडे नंतर बघू."

वेल्डरचं घर दीड तासावर होतं. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "दार आपटू नका, बिजागरी ढिली आहे," आणि फोरमनने दार आपटलं.

दोघं जिना चढून वर गेले. पहिल्या मजल्यावरची खोली स्वच्छ होती. वेल्डरने फोरमनला ओळखलं, "या साहेब," म्हणाला आणि आखडलेल्या बोटांनी खुर्ची पुढे ओढली. त्याच्या बायकोने पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. दाराला आतून तीन कड्या होत्या आणि त्यांच्या शेजारी भिंतीवर एक छापील तक्ता: गॅस, नळ, दिवा, कुलूप, प्रत्येकापुढे आजच्या तारखेखाली बरोबरच्या खुणा.

फोरमनने बसायचं टाळलं. उभ्याउभ्याच, कमीत कमी वाक्यांत सांगितलं. पाटी होती. मी काढली. मी खोटं बोललो.

"पाटी होती?" वेल्डरने विचारलं.

"होती."

"मी लावली होती?"

"तुम्ही लावली होती. मधोमध. तारेने दोन वेढे देऊन."

"दोन वेढे," वेल्डर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "तुम्हाला माहीत आहे का साहेब, भाजल्यानंतर मला ती दुपार आठवत नव्हती. अहवालात लिहिलं, पाटी नव्हती. मी म्हटलं, साहेब खोटं कशाला बोलतील? मीच विसरलो असणार. बावीस वर्षं मी स्वतःला विसराळू म्हणत आलो. हा तक्ता बघा. कुलूप चार वेळा ओढून बघतो. मुलाला लहानपणापासून सांगितलं, बाळा, बापासारखा वेंधळेपणा करू नकोस. तो आता मलाच सांगतो, बाबा, तुम्ही राहू द्या, तुम्ही विसराल. माझे हात गेले त्याचं काही नाही हो! हात गेले ते गेले. तुम्ही माझ्या डोक्यावरचा माझा विश्वास काढून नेलात आणि खिशात घालून बावीस वर्षं फिरलात!"

बायकोने टेबलावरचे दोन्ही भरलेले पेले उचलले आणि आत नेले.

"मी..." फोरमन म्हणाला.

"माफी मागू नका. माफीचं माझं मी बघेन. देईन, नाहीतर नाही देणार. तुम्ही लिहून द्या. तुमच्या अक्षरात. तारीख, पाळी, वेळ, पाटी कुठे होती, किती वेढे होते, सगळं. मुलाला वाचून दाखवायचंय. आता निघा."

परतताना फोरमन खिडकीतून बाहेर बघत होता. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "लाथ घातली असती तर बरं झालं असतं."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून गेलो नव्हतो आपण," ड्रायव्हर म्हणाला. मग गिअर बदलत म्हणाला, "पण जिन्यात दोनदा थांबलात, तरी वर चढलात. मी असतो तर कोपऱ्यावरूनच परतलो असतो. मी मला ओळखतो ना."

संध्याकाळी ताईंनी नेहमीसारखं विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "माझं टोपलीभर नाही आता. मूठभर आहे. खाली ठेवतो." सगळ्यांनी भिंतीकडच्या खुर्च्यांना हात घातला.

"थांबा," ताई म्हणाल्या. "फोरमनबद्दल एका माणसाच्या मनात अजून आहे."

"तो बाहेरचा आहे, ताई," फाटक्या चादरी शिवणाऱ्या शिंपीणबाई म्हणाल्या.

"घरातला आणि बाहेरचा असं रिवाजात कुठे आलंय? फोरमन, कागद लिहिला का?"

"रात्री लिहीन."

"आत्ता लिहा. आम्ही उभे आहोत."

फोरमन भडकला. "बसा तुम्ही! हा माझा मामला आहे. तुमच्या गुडघ्यांनी काय गुन्हा केलाय? बसा म्हणतो ना!"

कोणीही बसलं नाही. आचाऱ्याने सूपवर झाकण ठेवलं. नर्सबाईंनी टेबलाच्या कडेला कागद आणि पेन सरकवलं. फोरमन दात ओठ खात वाकला आणि उभ्यानेच लिहू लागला. तारीख. पाळी. वेळ. मशिनचा क्रमांक. बावीस वर्षांत यातलं काहीही आठवायला त्याला क्षणभरही लागलं नव्हतं, आताही लागलं नाही. मध्ये एकदा पेन थांबलं, तेव्हा ड्रायव्हर मागून म्हणाला, "तारेचे वेढे," आणि फोरमन खेकसला, "माहीत आहे मला!"

लिहून झाल्यावर ताई म्हणाल्या, "वाचा." त्याने वाचलं. त्याच्या नेहमीच्या करड्या आवाजात सुरुवात झाली. "पाटी लावलेली होती, ती मी काढली, आणि ती नव्हती असे मी सांगितले" इथे आवाज फाटला, पण त्याने तसाच फाटका आवाज शेवटपर्यंत ओढत नेला. "वरील मजकूर खरा आहे. यात कोणाचाही दोष नाही, माझा सोडून. सही."

"आमेन," ड्रायव्हर म्हणाला. पाठोपाठ सगळे म्हणाले.

"आमेन काय!" फोरमन ओरडला. "अहवाल आहे हा! प्रार्थना नाही!"

"फरक काय ते सांगा," मोठ्या ताईंनी विचारलं. त्या थट्टा करत नव्हत्या. तांत्रिक माणसाला तांत्रिक गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं.

फोरमनने तोंड उघडलं. फरक असणारच, अहवाल कोणाला तरी उद्देशून असतो, त्यात घडलं ते घडलं तसं लिहायचं असतं, काही लपवायचं नसतं, आणि निर्णय वाचणाऱ्यावर सोडायचा असतो. त्याने हे मनात एकदा तपासलं, पुन्हा तपासलं. इतके महिने भिंतीला पाठ लावून तो जे ऐकत होता, ते नेमकं काय होतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं, आणि इतक्या उशिरा येतंय याचाही त्याला संताप आला.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. असं वाक्य त्याने आजवर कुठल्याही कामावर उच्चारलं नव्हतं.

ताईंनी खुर्ची ओढली आणि कण्हत बसल्या. बाकीचेही बसले. फोरमन तेवढा कागद हातात धरून उभा होता.

"रविवारी मी हा कागद द्यायला जाणार," तो म्हणाला. "तो काय म्हणेल ठाऊक नाही. कदाचित दारही उघडणार नाही. संध्याकाळी परत येईन. तेव्हा शब्द द्यायचा म्हणतो. ह्या कागदासकट घेणार असाल तर."

"ह्या कागदाशिवाय घेतला नसता," ताई म्हणाल्या. "बसा आता."

तो बसला. आचारी सूपचं पातेलं उचलून पुन्हा शेगडीकडे निघाला, तसा फोरमनने त्याला दरडावलं, "ठेव खाली! माझ्यामुळे गार झालंय. गारच वाढ मला."

"वाढ त्यांना गार," ड्रायव्हर म्हणाला. "आम्ही काय पाप केलंय? आमचं गरम कर."